जुना लॅपटॉप व नवी डिस्क

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी कापडी पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. हा मुलगा गिरणाकाठच्या एका खेड्यातून रोज भडगावास शिकावयास येतो. लॅपटॉप त्याच्या चुलत्याने महाविद्यालयात असता २०१३ साली घेतला होता. तो सुरू होण्यास इतका वेळ लागे की, बटण दाबून चहा ठेवावा, तो पिऊन कपबशी विसळून ठेवावी, तेव्हा कोठे पडद्यावर काही दिसावे. हे यंत्र आता भंगारात द्यावे असे घरच्या मंडळींचे मत पडले होते. मुलाचे मत तसे नव्हते. कारण विचारता त्याने खाली मान घालून सांगितले की, त्याच्या दिवंगत आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या व लग्नातील गाणी चुलत्याने त्या यंत्रात मुद्रित करून ठेविली होती, आणि ती अन्यत्र कोठेही नव्हती.

यंत्र जुने झाले म्हणजे ते टाकून द्यावे, ही समजूत अलीकडे फार पसरली आहे. परंतु लॅपटॉप मंद झाला म्हणजे तो सर्वांगाने निकामी झाला असे नव्हे. पुष्कळदा त्याचा एकच अवयव थकलेला असतो आणि तो बदलता येतो. हा अवयव कोणता, तो का थकतो, तो कसा बदलावा, आणि बदलण्यापूर्वी कोणती सावधगिरी बाळगावी, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सुलभ रीतीने समजावून द्यावे, या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

१. डिस्क म्हणजे काय?

संगणकास दोन प्रकारची स्मृती असते. पहिलीस रॅम म्हणतात. ती वर्गातील फळ्यासारखी होय. फळ्यावर लिहिणे-वाचणे त्वरेने होते, परंतु तास संपला की फळा पुसला जातो. त्याचप्रमाणे वीज बंद होताच रॅममधील सर्व मजकूर नाहीसा होतो. दुसरी स्मृती वहीसारखी असते. तीत लिहिलेले वीज गेल्यावरही टिकते. वहीचे हे काम लॅपटॉपमध्ये डिस्क करिते. आपली पत्रे, छायाचित्रे, गाणी, एवढेच नव्हे तर यंत्र चालविणारी विंडोजसारखी कार्यप्रणालीसुद्धा याच वहीत लिहिलेली असते.

अशी पहिली डिस्क आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली जगापुढे आणिली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर चढविलेल्या होत्या, आणि एवढा पसारा मांडूनही तीत अवघी ५० लक्ष अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र जवळजवळ तेवढीच जागा व्यापते!

जुन्या लॅपटॉपमधील डिस्क अडीच इंची म्हणून ओळखली जाते. तिच्या धातूच्या पेटीत एक किंवा दोन आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. या थरातील सूक्ष्म जागांचे चुंबकत्व एका दिशेस अथवा उलट दिशेस वळवून शून्य व एक हे दोन अंक लिहिले जातात. लिहिणारे-वाचणारे टोक तबकडीस स्पर्श करीत नाही. तबकडी फिरू लागली म्हणजे तिच्याबरोबर हवेचा जो थर ओढला जातो, त्यावर ते तरंगते, आणि दोहोंतील अंतर थोड्याशा नॅनोमीटरांचे असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ५० हजार ते १ लक्ष नॅनोमीटर भरते. यावरून, चालू लॅपटॉप हिसका देऊन उचलणे किंवा टेबलावर आदळणे का घातक आहे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येईल.

आता थोडे गणित करू. अशा बहुतेक डिस्कांची तबकडी मिनिटास ५,४०० फेरे करिते. म्हणजे सेकंदास ९० फेरे. १,००० मिलिसेकंदांस ९० ने भागिले असता एका फेऱ्यास ११.१ मिलिसेकंद लागतात असे निघते. हवा असलेला मजकूर टोकाखाली कधी लगेच येईल, कधी पूर्ण फेऱ्यानंतर येईल. म्हणून सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ५.५ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. शिवाय टोक योग्य वर्तुळावर नेण्यास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. एकूण सुमारे १७.५ मिलिसेकंद झाले. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार अशी की, या हिशेबाने डिस्क एका सेकंदात निरनिराळ्या ५७ ठिकाणचाच मजकूर वाचू शकते. यंत्र सुरू होताना इकडे-तिकडे विखुरलेले ६,००० लहान तुकडे वाचावयाचे आहेत असे उदाहरणादाखल धरा. ६,००० गुणिले १७.५ मिलिसेकंद म्हणजे १०५ सेकंद झाले. जुना लॅपटॉप मंद असतो तो बहुधा विचार करण्यात नव्हे, तर वहीची पाने चाळण्यात, हे या गणिताचे तात्पर्य होय.

२. फिरती तबकडी जाऊन काय आले?

नव्या प्रकारच्या डिस्केस एस.एस.डी. म्हणतात. तीत फिरणारा एकही भाग नसतो. तोशिबा कंपनीतील जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात जी फ्लॅश स्मृती शोधून काढिली, तिच्यावर ही डिस्क आधारलेली आहे. सिलिकॉनच्या चकतीवरील असंख्य सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून ठेवावयाचा, आणि कप्प्यात किती भार आहे यावरून अंक ओळखावयाचे, असे तिचे तत्त्व आहे. तबकडीची वाट पाहावयाची नाही, टोक हालवावयाचे नाही. म्हणून कोणत्याही ठिकाणचा मजकूर सुमारे दशांश मिलिसेकंदात हाती येतो. वरील उदाहरणातील ६,००० तुकडे अशा डिस्केस ०.६ सेकंदात वाचिता येतील. यंत्रास इतरही कामे असल्यामुळे प्रत्यक्षात ते इतक्या लवकर सुरू होत नाही. परंतु मिनिटांची सेकंदे होतात, हे खरे.

या फेरबदलाचे महत्त्व आपल्या महाराष्ट्रातील एका लहानशा गावाने फार पूर्वी पाहिले आहे. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग सुरू झाला. तेथील मुलांच्या हाती आलेल्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपात फिरती डिस्क नव्हतीच. तिच्या जागी १ गिगाबाइट फ्लॅश स्मृती बसविलेली होती. मुलाच्या हातून यंत्र पडणार, धूळ उडणार, वीज अपुरी असणार, हे रचनाकारांनी आधीच धरून चालले होते. ज्या यंत्रात फिरणारे काही नाही, ते पडण्यास कमी भिते व वीजही कमी खाते. आमच्या खानदेशात वैशाखातील ऊन ४४-४५ अंशांवर जाते व कापूस वेचणीच्या दिवसांत बारीक तंतू घरोघर उडत असतात. तेव्हा ही गोष्ट आम्हांस अधिकच लागू पडते.

३. बदल करण्यापूर्वीचा विचार

वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. त्याप्रमाणे नवी डिस्क विकत घेण्यापूर्वी यंत्राची परीक्षा करावी. पडदा, कळफलक व चार्जर ठीक आहेत काय? रॅम ४ गिगाबाइटहून कमी असेल, तर डिस्केबरोबर तीही वाढविता येते काय? पंख्याच्या जाळीत तंतू व धूळ अडकून यंत्र तापत तर नाही ना? तापलेले यंत्र स्वतःस वाचविण्याकरिता आपला वेग उतरविते. तेव्हा मंदपणाचे कारण डिस्क नसून साधी धूळही असू शकते.

नव्या डिस्केविषयी तीन गोष्टी जुळवून पाहाव्या.

पहिली, जोडणी. सुमारे २००६ पूर्वीच्या लॅपटॉपांत ४४ टाचण्यांची आय.डी.ई. नावाची जोडणी असे. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांत साटा जोडणी आली. तीत मजकुराकरिता ७ व विजेकरिता १५ अशा दोन चपट्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. या दोन जोडण्या एकमेकींस बसत नाहीत. हल्ली एम.टू नावाची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी जी डिस्क मिळते, तीही अडीच इंची जागेत बसणार नाही. दुकानात जाण्यापूर्वी यंत्राचा नमुना-क्रमांक कागदावर लिहून न्यावा.

दुसरी, जाडी. जुन्या फिरत्या डिस्का बहुधा ९.५ मिलिमीटर जाड असत. नव्या अडीच इंची एस.एस.डी. ७ मिलिमीटरच्या असतात. पातळ डिस्क जाड जागेत ठेविता येते. ती सैल राहू नये म्हणून सोबत येणारी प्लास्टिकची चौकट लावावी. याच्या उलट मात्र होणार नाही.

तिसरी, वेग व आकार. साटाची दुसरी पिढी सेकंदास सुमारे ३०० मेगाबाइट व तिसरी सुमारे ६०० मेगाबाइट वाहून नेऊ शकते. आपले यंत्र दुसऱ्या पिढीचे असले तरी नवी डिस्क त्यात चालते. ती यंत्राच्या चालीने चालते, इतकेच. जुन्या फिरत्या डिस्केचा वेग सेकंदास १०० मेगाबाइटच्या आसपास असे, म्हणून तोटा काहीच नाही. आकाराविषयी एक गैरसमज येथेच दूर करितो. ५०० गिगाबाइटची डिस्क घेतली आणि विंडोजने ४६५ दाखविले, म्हणजे दुकानदाराने फसविले, असे समजू नये. विकणारा हजाराच्या पटीने मोजतो व विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते. ५०० अब्जास १,०२४ ने तीन वेळा भागून पाहा, उत्तर ४६५ च येईल.

कार्यप्रणालीचाही विचार आताच करावा. विंडोज ७ ची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ बहुतेक जुन्या यंत्रांस स्वीकारीत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तिचीच बॉस नावाची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. मराठी लिहिणे, हिशेब ठेवणे, धडे पाहणे ही कामे लिनक्सवर उत्तम होतात.

४. आधी नकल, मग कृती

विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक आग्रहाने सांगावयाची गोष्ट ही की, स्क्रू-ड्रायव्हरास हात लावण्यापूर्वी आपल्या मजकुराची नकल करून ठेविली पाहिजे.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी शेतात व जात्यावर ओठांवर येत आणि वाऱ्यावर विरून जात. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव व घरातील मंडळी यांनी त्यांतील काही वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती वही नसती, तर खानदेशचे हे धन आईबरोबरच गेले असते. जी उतरली गेली नाहीत, ती किती होती, हे आज कोण सांगणार?

आमच्या विद्यार्थ्याच्या आजीच्या गाण्यांची तीच अवस्था होती. आणि येथे आम्हांस आमचा एक अपराध कबूल करणे भाग आहे. मुलगा लॅपटॉप घेऊन आला तेव्हा ते यंत्र मंद का होईना पण चालत होते. त्याच दिवशी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्यास अर्धा तास पुरा झाला असता. आम्ही म्हणालो, “येत्या शनिवारी पाहू.” तो शनिवार पावसात गेला, पुढचा चाचणी परीक्षेत गेला, आणि असे चार आठवडे लोटले. अखेर यंत्र उघडून बसलो तेव्हा डिस्केतून घड्याळासारखा टक् टक् असा आवाज येऊ लागला होता. जाणत्यांस ठाऊक आहे की, हा आवाज टोक आपली जागा शोधून थकल्याचा असतो.

अशा वेळी काय करावे, हेही शिकण्यासारखे आहे. डिस्क वारंवार चालू-बंद करू नये. प्रत्येक वेळी तिचे उरलेले आयुष्य घटते. दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर काहीही नवे लिहू नये. जे सर्वांत मोलाचे, ते सर्वांत आधी उतरवून घ्यावे. संपूर्ण डिस्केची नकल करावयाची असल्यास डी.डी. रेस्क्यूसारखे साधन वापरावे. ते चांगला भाग प्रथम वाचून घेते, बिघडलेली जागा टिपून ठेविते आणि तिकडे शेवटी वळते. मजकूर फार मोलाचा असेल, तर यंत्र त्वरित बंद करून या कामातील तज्ज्ञाकडेच द्यावे. आम्ही डिस्क बाहेर काढून यू.एस.बी. जोडणीने दुसऱ्या संगणकास लाविली व आजीच्या गाण्यांचा कप्पा प्रथम उघडिला. त्यात ४१ गाणी होती. ३८ उतरली. तीन उतरली नाहीत. त्या तिघांची केवळ नावे पडद्यावर दिसत होती, आणि त्यांतील एक मुलाच्या आईच्या लग्नातील हळदीचे गाणे होते.

“सर, ती तीन परत येतील का?” असे मुलाने विचारिले. आम्ही दोन रात्री प्रयत्न केला व मग त्यास खरे ते सांगितले. डिस्क जुनी होती हे खरे; परंतु ती तीन गाणी गेली ती डिस्केमुळे नव्हे, आमच्या ‘पाहू’मुळे गेली.

नकल झाली असे समजू नये. ती उघडून पाहावी. चार-दोन छायाचित्रे पाहावी, एखादे गाणे ऐकावे, आणि फायलींची संख्या ताडून घ्यावी. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर, निदान मामाच्या घरी तरी, असावी. यंत्र दुकानात द्यावयाचे असेल तर पालकांनी हे काम घरीच उरकून घ्यावे. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने आमच्या यंत्रात नवी प्रणाली घातली, आणि त्याबरोबर शाळेच्या सहलीची सारी छायाचित्रे पुसली गेली. त्याने विचारिले नाही हे खरे, पण आम्हीही सांगितले नव्हते.

५. प्रत्यक्ष कृती

नवी डिस्क भरण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत जुन्या डिस्केची जशीच्या तशी प्रतिकृती नवीवर उतरवितात. यास क्लोन करणे म्हणतात. क्लोनझिला नावाचे विनामूल्य साधन याकरिता मिळते. मात्र ते वापरताना मूळ कोणती व नवी कोणती, हे दोनदा वाचून मगच होकार द्यावा. येथे उलटापालट झाली, तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सर्वस्व जाते. दुसऱ्या रीतीत नवीवर कार्यप्रणाली प्रथमपासून घालून आपला मजकूर मागाहून आणितात. जुनी डिस्क आजारी असेल, किंवा यंत्रात वर्षानुवर्षांचा केरकचरा साचला असेल, तर दुसरी रीत बरी. प्रणाली यू.एस.बी. पेन ड्राइव्हवर आधीच तयार करून ठेवावी. विंडोजमध्ये बिटलॉकर नावाचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली, म्हणजे ४८ अंकी संख्या, आधी लिहून घ्यावी.

आता पायऱ्या सांगतो.

(अ) यंत्र पूर्णपणे बंद करावे. झाकण लावून निजविलेले यंत्र बंद झालेले नसते. विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन केले असता ते खरोखर बंद होते. चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज निघू द्यावी.

(आ) सतरंजीवर किंवा नायलॉनच्या कापडावर बसून हे काम करू नये. कोरड्या हवेत अंगावर जी स्थिरवीज साचते, तिच्या एका ठिणगीने सूक्ष्म भाग जळू शकतात. लाकडी टेबल घ्यावे, व मधूनमधून धातूच्या मोठ्या वस्तूस, जसे लोखंडी कपाटास, हात लावावा.

(इ) यंत्र मऊ फडक्यावर पालथे ठेवावे. काही यंत्रांत डिस्केवर निराळे लहान झाकण असते; काहींत सर्व तळच काढावा लागतो. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. कोऱ्या कागदावर यंत्राचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्या जागी चिकटवून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला, तर आतील भागास भोक पाडतो.

(ई) झाकण निघत नसेल तर जोर करू नये. रबरी पायाखाली किंवा कागदी चिठ्ठीखाली एखादा स्क्रू लपलेला असतो. कडेची प्लास्टिकची खटकी सोडविण्यास जुने प्लास्टिकचे ओळखपत्र उत्तम. सुरी किंवा चिमटा नको. बॅटरी आत असल्यास तिची जोडणी प्रथम सोडवावी.

(उ) डिस्क बहुधा पत्र्याच्या चौकटीत बसविलेली असते. ती जोडणीपासून आडवी, सरळ रेषेत सरकवून काढावी. एका टोकाने वर उचलल्यास जोडणी मोडते. चौकटीचे चार स्क्रू काढून नवी डिस्क तीत त्याच दिशेने बसवावी, आणि आली त्याच वाटेने आत सरकवावी. स्क्रू हाताने पक्के झाले की थांबावे.

(ऊ) सर्व पूर्ववत करून यंत्र सुरू करावे, आणि यंत्राच्या प्रकाराप्रमाणे एफ-टू, एफ-टेन किंवा डिलीट ही कळ दाबून बायोस उघडावा. तेथे नव्या डिस्केचे नाव दिसले म्हणजे जोडणी योग्य झाली. न दिसल्यास घाबरू नये. पुन्हा बंद करून, बॅटरी सोडवून, डिस्क नीट सरकवावी. तेथेच साटाची पद्धत ए.एच.सी.आय. आहे काय, हे पाहावे. प्रतिकृती उतरविली असेल तर मात्र तेथे जे असेल ते तसेच राहू द्यावे, नाही तर विंडोज सुरू होण्यास अडते.

नवी डिस्क चालू लागल्यावर तिच्यावर डिफ्रॅगमेंट करू नये. फिरत्या डिस्केवरील विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याची ती युक्ती होती. येथे तिचा लाभ नाही, आणि फ्लॅशच्या कप्प्यांची लिहिण्याची शक्ती मर्यादित असल्यामुळे झीज मात्र होते. डिस्क गच्च न भरता काही जागा मोकळी ठेवावी. आणखी एक गोष्ट विसरू नये. फिरती डिस्क पुष्कळदा आवाज करून, रडून-कुरकुरून इशारा देते, एस.एस.डी. मात्र कित्येकदा काही न बोलता एकदम बंद पडते. तसेच ती वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेविली, तर तिच्यातील भार ओसरू शकतो. सबब नवी डिस्क आली म्हणून नकल ठेवण्याचे कर्तव्य संपत नाही.

६. जुन्या डिस्केचे काय करावे?

ती निरोगी असल्यास लहानशा यू.एस.बी. पेटीत बसवून नकल ठेवण्याकरिता वापरावी. रोगी असल्यास तिच्यावर विसंबू नये. दुसऱ्यास द्यावयाची तर मजकूर पूर्णपणे पुसून द्यावी. केवळ डिलीट केल्याने मजकूर जात नाही. अनुक्रमणिकेतील नाव खोडले जाते, पण पान तसेच राहते. घरची आधारपत्रे व बँकेचे कागद त्या पानांवर असतात, हे पालकांनी ध्यानी धरावे. कुतूहलाने ती हातोडीने फोडू नये. अडीच इंची डिस्कांच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात व त्यांचे तुकडे डोळ्यांत उडतात. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात लागू आहेत. त्यांस अनुसरून अशा वस्तू उकिरड्यावर न टाकता नोंदणीकृत केंद्राकडे पोहोचवाव्या.

त्या मुलाचा लॅपटॉप आता सुरू होण्यास चहा तर दूरच, पेला भरून पाणी पिण्याइतकाही वेळ घेत नाही. नाताळच्या सुटीपूर्वी त्याचे आईवडील शाळेत आले तेव्हा मुलाने आजीची एक ओवी लावून दाखविली. आईने ती उभ्यानेच ऐकिली, आणि संपल्यावर “पुन्हा एकदा लाव” एवढेच म्हणाली. हळदीच्या गाण्याविषयी तिने आम्हांस काहीच विचारिले नाही. त्या गाण्याच्या आठवतील तेवढ्या ओळी तिने मागाहून मुलास सांगितल्या, आणि त्याने त्या वहीत उतरवून घेतल्या. त्या आठ ओळी आहेत. त्यांची एक प्रत लॅपटॉपात आहे, एक पेन ड्राइव्हवर आहे, आणि एक आमच्या टेबलाच्या खणात आहे.

वाचकहो, आपल्या घरीही असे काही एकाच ठिकाणी ठेविलेले असेल. हे वार्षिक मिटून ठेवण्यापूर्वी त्याची एक नकल करा. शनिवारची वाट पाहू नका.

अभ्यासार्थ प्रश्न

१. मिनिटास ७,२०० फेरे करणाऱ्या डिस्केत सरासरी अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतील?

२. २४० गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे किती गिगाबाइट दिसेल? कृती दाखवा.

३. रॅम व डिस्क यांतील भेद फळा व वही या दृष्टान्ताने स्पष्ट करा. हा दृष्टान्त कोठे अपुरा पडतो, तेही सांगा.

४. डिस्केतून टक् टक् आवाज येऊ लागल्यास कोणत्या तीन गोष्टी करू नयेत, व का?

५. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस येत असलेले एखादे गाणे, म्हण किंवा गोष्ट तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि तिच्या तीन प्रती कोठे कोठे ठेविल्या, ते लिहा.